कलेक्शनवाल्यांना ‘हे बिल मान्य नाही’ असं लेखी कळवल्यावर काय काय झालं

दवाखान्याच्या एका बिलापायी कलेक्शन एजन्सी, म्हणजे दुसऱ्याची थकलेली बिलं वसूल करणारी कंपनी, आमच्या मागे लागली. हे प्रकरण फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालं आणि आत्ता सप्टेंबर २०२४ मध्ये तिन्ही क्रेडिट रिपोर्ट परत एकदा बघून झाल्यावर मला ते संपलं असं म्हणायची हिंमत होतेय, म्हणून डोक्यात ताजं आहे तोवर लिहून टाकते. आम्ही न्यू जर्सीत राहतो, त्यामुळे खालचं सगळं अमेरिकेतलं आहे. मी वकील नाही, आयटीत टेस्टिंगचं काम करते, त्यामुळे सगळं तारीखवार लिहून ठेवायची सवय आहे, तिचा इथे फार उपयोग झाला.

आधी बिल कुठून आलं ते. १९ ऑगस्ट २०२३, शनिवार, संध्याकाळी मुलगा स्कूटरवरून पडला आणि हनुवटी फुटली. अर्जंट केअर, म्हणजे किरकोळ तातडीच्या उपचारांचं क्लिनिक, बंद झालेलं, म्हणून सरळ हॉस्पिटलची इमर्जन्सी गाठली. टाके घातले, डेस्कवर १५० डॉलर कोपे, म्हणजे पेशंटने भरायचा ठरलेला वाटा, कार्डाने भरला, रात्री घरी. हॉस्पिटल आमच्या इन्शुरन्सच्या नेटवर्कमधलं, म्हणजे इन्शुरन्सशी दर ठरवून करार केलेलं होतं. पण इकडे एक गंमत असते, इमर्जन्सीत जो डॉक्टर बघतो तो बऱ्याचदा हॉस्पिटलचा माणूसच नसतो, त्या डॉक्टरांचा वेगळा ग्रुप असतो आणि त्यांचं बिल वेगळं येतं. आमच्या नशिबी आलेला ग्रुप आऊट ऑफ नेटवर्क, म्हणजे असा करार नसलेला निघाला. ऑक्टोबरमध्ये त्यांचं बिल आलं, १,१६२ डॉलर.

मी लगेच इन्शुरन्सला फोन केला. त्या बाईने शांतपणे सांगितलं की १ जानेवारी २०२२ पासून नो सर्प्रायझेस अ‍ॅक्ट लागू आहे, इमर्जन्सीत आऊट ऑफ नेटवर्क डॉक्टर आला तरी पेशंटकडून नेटवर्कच्या हिशोबाने जेवढा वाटा बसतो तेवढाच घेता येतो, वरची रक्कम मागायची ती त्यांनी इन्शुरन्सकडे, तुमच्याकडे नाही. ईओबीवर, म्हणजे इन्शुरन्सचा जो हिशोबाचा कागद येतो त्यावर, त्या डॉक्टरच्या क्लेमसमोर आमचा वाटा शून्य होता. बिल भरू नका, आम्ही त्यांना कळवतो, म्हणाली. कॉलचा रेफरन्स नंबर घेतला आणि विषय मिटला असं धरून चाललो. पुढे बिल आलं नाही, फोन आला नाही, मध्ये आमचं घर बदलणंही झालं.

१ फेब्रुवारी २०२४, गुरुवारी दुपारी मीटिंगमध्ये असताना अनोळखी नंबरवरून फोन. पलीकडचा माणूस अगदी गोड बोलत होता. आधी माझं नाव, मग म्हणे ओळख पटवण्यासाठी जन्मतारीख आणि सोशल सिक्युरिटी नंबरचे शेवटचे चार आकडे सांगा. मी म्हटलं, तुम्ही फोन केलाय, तुम्ही आधी सांगा कुठून बोलताय. मग ते ठरलेलं वाक्य आलं की ही कर्जवसुलीची कारवाई आहे आणि मिळालेली माहिती त्यासाठी वापरली जाईल. मी काहीही कबूल केलं नाही, काहीही नाकारलं नाही, कंपनीचं नाव आणि पत्ता लिहून घेतला, आणि जे काय आहे ते पोस्टाने पाठवा म्हणून फोन ठेवला. हे मी मुद्दाम सविस्तर लिहितेय कारण आपल्या लोकांना खोट्या कलेक्शनचे फोन खूप येतात, आत्ताच्या आत्ता भरा नाहीतर पोलीस येतील, व्हिसा जाईल वगैरे. खऱ्या एजन्सीला पोलिसांची आणि अटकेची खोटी धमकी द्यायला कायद्याने बंदी आहे, आणि बिल थकणं हा मुळात गुन्हाच नाही. नवऱ्याचा पहिला प्रश्न तोच होता, ग्रीन कार्डावर काही होईल का? आमची प्रायॉरिटी डेट, म्हणजे ग्रीन कार्डाच्या रांगेतली तारीख, ज्या वेगाने सरकतेय ते बघता तोपर्यंत मुलगा स्वतःची बिलं स्वतः भरायला लागेल, पण ते असो. फोनवर सोशल नंबर, बँक खातं, कार्ड, काहीही द्यायचं नाही. आणि खात्री नसताना ‘थोडेसे तरी भरा’ला तर अजिबात बळी पडायचं नाही, जुनं बिल असेल तर अनेक राज्यांत एवढ्याशा पेमेंटनेसुद्धा कोर्टात जायची मुदत नव्याने सुरू होऊ शकते.

पहिला संपर्क झाला की पाच दिवसांत त्यांनी लेखी नोटीस पाठवायची असते, पहिल्या संपर्कातच सगळी माहिती दिली नसेल तर. आमची ५ फेब्रुवारीची होती, ९ तारखेला शुक्रवारी पेटीत मिळाली. मी घाबरून वकिली भाषेची तयारी ठेवली होती, पण नोटीस वाचायला सोपी निघाली. नंतर कळलं की त्याचं कारण सीएफपीबी, म्हणजे ग्राहकांच्या आर्थिक संरक्षणासाठी असलेली फेडरल एजन्सी. मूळ कायदा फेअर डेट कलेक्शन प्रॅक्टिसेस अ‍ॅक्ट, तो १९७७ चा, आणि त्यावरचे सीएफपीबीचे नियम, ज्यांना रेग्युलेशन एफ म्हणतात, ते ३० नोव्हेंबर २०२१ पासून लागू झाले. त्यात नोटिशीचा नमुनाच दिलाय आणि बहुतेक एजन्स्या तोच वापरतात.

वरच्या भागात कुणाचं बिल, खाते क्रमांकाचे शेवटचे आकडे, आणि छोटासा हिशोब: १९ ऑगस्ट २०२३ ला बाकी १,४८६, व्याज शून्य, फी शून्य, भरलेले किंवा वजा केलेले ३२४, आता बाकी १,१६२. बाजूला दोन वाक्यं होती ती मी पुन्हा पुन्हा वाचली. पहिलं म्हणतं की १३ मार्च २०२४ पर्यंत फोन करून किंवा लिहून तक्रार सांगा, नाही सांगितलीत तर आमची माहिती बरोबर आहे असं आम्ही धरू. दुसरं म्हणतं की त्याच तारखेपर्यंत लिहून कळवलंत, तर तुमच्याकडे येणं आहे हे दाखवणारी माहिती पाठवेपर्यंत त्या रकमेची वसुली आम्हाला थांबवावी लागेल. पहिल्या वाक्यात फोन आहे, दुसऱ्यात नाही. फोनवर कितीही भांडलात तरी वसुली थांबवायचं बंधन त्यांच्यावर येत नाही, ते येतं फक्त लेखी तक्रारीने, आणि तेही नोटिशीवर दिलेल्या तारखेला संपणाऱ्या तीस दिवसांच्या मुदतीत पोचलेल्या. एवढं एक कळलं तरी निम्मं काम झालं.

खाली फाडून पाठवायचा फॉर्म असतो. त्यावर चौकोन: हे बिल माझं नाही, रक्कम चुकीची आहे, इतर कारण. आणि एक वेगळा चौकोन, मूळ घेणेकऱ्याचं (ज्याचं मूळ बिल, इथे डॉक्टरांचा ग्रुप) नाव-पत्ता मला पाठवा. ‘पैसे सोबत जोडले आहेत’ असाही एक चौकोन आहे, तो बघून हसू आलं.

हे सगळं हातात घेऊन मी मराठी मंडळातल्या एका वहिनींना फोन केला, त्या बरीच वर्षं एका क्लिनिकच्या बिलिंगमध्ये आहेत. त्या म्हणाल्या, “अगं, आधी ईओबी काढ. बिलवाले काय म्हणतात ते नंतर.” इन्शुरन्सच्या साइटवरून ईओबी डाऊनलोड केली: डॉक्टरने लावलेले १,४८६, प्लॅनने मंजूर केलेले ३२४, प्लॅनने भरलेले ३२४, पेशंटचा वाटा ०. म्हणजे १,१६२ हा आकडा निव्वळ वजाबाकीचा होता, जेवढं इन्शुरन्सने दिलं नाही तेवढं आमच्या नावावर. कायदा नेमकं हेच करू नका म्हणतो. आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर ती म्हणे, “भरून टाक ना एकदाचे, परक्या देशात कुणाशी वाकडं कशाला घ्यायचं?” तिला काय सांगणार, १,१६२ डॉलर म्हणजे तुझ्या गल्लीतल्या डॉक्टरांची दहा वर्षांची फी होईल.

कुठला चौकोन भरायचा यावर घरात चर्चा झाली. ‘हे बिल माझं नाही’ वर खूण करायचा मोह होतो, पण मुलावर उपचार झालेत, त्या दिवशी मी सही केलीये, तेव्हा ते खोटं ठरलं असतं. मी ‘रक्कम चुकीची’ आणि ‘इतर’ दोन्ही भरले आणि सोबत एक पानी पत्र जोडलं. पत्रात भावना नाहीत, मुलाची हनुवटी नाही, फक्त मुद्दे. पूर्ण रक्कम अमान्य आहे. ईओबीनुसार पेशंटचा वाटा शून्य आहे, कॉपी जोडली आहे. सेवा इमर्जन्सीची होती आणि नो सर्प्रायझेस अ‍ॅक्टखाली येते. मूळ घेणेकऱ्याचं नाव-पत्ता आणि प्रत्येक सेवेची वेगळी रक्कम दाखवणारं बिल पाठवा. यापुढचा पत्रव्यवहार पोस्टाने करा.

पुरावा आपण द्यायचा की त्यांनाच शोधू द्यायचा, यावर लोकांची दोन मतं ऐकली. काही जण म्हणतात काही देऊ नका, सिद्ध करणं त्यांचं काम. मला ते पटलं नाही. आपल्याकडे इतका सरळ कागद असताना तो लपवून काय मिळणार? मात्र ईओबीवर घरातल्या इतरांचे क्लेम आणि मेंबर नंबर होते ते काळ्या मार्करने झाकून मगच झेरॉक्स काढली, आणि ती झेरॉक्स परत झेरॉक्स केली, कारण मार्करखालचे आकडे उजेडात धरले की दिसतात. मूळ कागद कधीही पाठवू नका.

पत्र पोस्टात टाकलं २० फेब्रुवारीला, मंगळवारी. आदल्या दिवशी प्रेसिडेंट्स डेची सुट्टी, त्यामुळे खिडकीसमोर रांग. सर्टिफाइड मेल आणि रिटर्न रिसीट दोन्ही घेतलं, स्टँप धरून साधारण ९ डॉलर. हिरवा-पांढरा स्टिकर पाकिटाच्या पुढे, आणि पोस्टकार्डासारखं हिरवं कार्ड मागे, ते पलीकडच्याची सही घेऊन आपल्याकडे परत येतं. काउंटरवरच्या बाईने शिक्का मारून दिलेली पावती जपून ठेवा, आणि सर्टिफाइड मेलचा नंबर पत्राच्या वर हाताने लिहून मग पत्राचा फोटो काढा, म्हणजे त्या पाकिटात हेच पत्र होतं हे नंतर दाखवता येतं. ही युक्ती वहिनींची. नोटिशीवर पैसे पाठवायचा पत्ता आणि तक्रारीचा पत्ता वेगळा असू शकतो, तेही बघून घ्या. एजन्सी वेबसाइटवर तक्रार घेत असेल तर तिथूनही लेखी कळवता येतं, पण मला सहीचा कागद हवा होता. २३ तारखेला पोचल्याचं ट्रॅकिंगला दिसलं, पुढच्या आठवड्यात हिरवं कार्ड परत आलं, त्यावर कुणाची तरी न वाचता येणारी सही.

आणि मग काहीच नाही.

माझी कल्पना अशी होती की आता त्यांना तीस दिवसांत उत्तर द्यावं लागेल. तसं नाहीये. तीस दिवस आपल्याला आहेत, त्यांना मुदतच नाही. त्यांनी दोन महिन्यांनी उत्तर दिलं किंवा कधीच दिलं नाही तरी चालतं, अट एकच, तोपर्यंत वसुली बंद. म्हणजे फोन नाही, पत्र नाही, पैसे द्या म्हणून मेसेज नाही. वाट बघणं म्हणजे इथे आपलं जिंकणंच असतं एक प्रकारे, पण पोटातला गोळा काही जात नाही. रोज पेटी उघडताना धाकधूक. या काळात अ‍ॅन्युअल क्रेडिट रिपोर्ट डॉट कॉमवर जाऊन इक्विफॅक्स, एक्सपिरियन, ट्रान्सयुनियन तिन्हीकडचे रिपोर्ट काढले, फुकट मिळतात, दर आठवड्याला काढता येतात. काही नव्हतं. दवाखान्याच्या बिलांबाबत या तिन्ही कंपन्यांनी जुलै २०२२ पासून असं ठरवलंय की न भरलेलं बिल कलेक्शनला गेलं तरी एक वर्ष रिपोर्टवर चढवायचं नाही, भरलेलं असेल तर काढूनच टाकायचं, आणि एप्रिल २०२३ पासून ५०० डॉलरच्या खालची बिलं दाखवायचीच नाहीत. आमचं ५०० च्या वर होतं, त्यामुळे एका वर्षाची सवलत तेवढी होती. आणि एजन्सीने कुणालाही त्या खात्याची माहिती दिली तर त्यावर वाद चालू आहे हेही सांगावं लागतं.

१४ मार्चला, म्हणजे नोटिशीवरची तारीख उलटल्याच्या दुसऱ्याच दिवशी, सकाळी फोनवर मेसेज: तुमच्या खात्याकडे लक्ष द्या, इथे पैसे भरा, खाली लिंक, त्याखाली मेसेज नको असतील तर स्टॉप लिहा. लिखित तक्रार २३ फेब्रुवारीला पोचलेली, उत्तर काहीच नाही, आणि वर पैसे मागणं. घाबरण्याऐवजी मला पहिल्यांदा राग आला आणि रागाचा फायदा असा की मी त्याच दिवशी स्क्रीनशॉट काढून, तारीख-वेळ दिसेल असा, फोल्डरमध्ये टाकला. लिंकवर क्लिक केलं नाही. स्टॉप लिहिलं.

१८ मार्चला, सोमवारी रात्री मुलगा झोपल्यावर सीएफपीबीच्या साइटवर तक्रार टाकली. अकाऊंट उघडायचं, डेट कलेक्शन निवडायचं, मग कुठल्या प्रकारचं देणं, मग काय अडचण, मग आपल्या शब्दांत हकीकत, आणि कागद जोडायचे. तास-दीड तास गेला, त्यातला बराचसा वेळ पीडीएफ नीट स्कॅन करण्यात. फी काही नाही. हकीकत लिहिताना नावं, नंबर त्यात घालू नका, कारण आपण हो म्हटलं तर ती मजकुराची चौकट नाव वगळून सार्वजनिक डेटाबेसमध्ये दिसते. मी हो म्हटलं. सीएफपीबी तुमच्या बाजूने भांडत नाही हे आधीच समजून घ्या, ते तक्रार कंपनीकडे पाठवतात, कंपनीने साधारण १५ दिवसांत उत्तर द्यायचं असतं, काही वेळा ६० दिवसांपर्यंत. पण कस्टमर सर्व्हिसच्या खिडकीवर पडून राहणारं पत्र आणि कंपनीत नियमपालन बघणाऱ्या कम्प्लायन्सच्या टेबलावर पडणारी तक्रार यात खूप फरक आहे.

२७ मार्चला पोर्टलवर उत्तर आलं. तुमची तक्रार मिळाली होती, खातं वादग्रस्त म्हणून नोंदलेलं आहे, मेसेज ऑटोमॅटिक सिस्टीममधून गेला, त्याबद्दल दिलगीर, आणि पडताळणी, म्हणजे येणं आहे हे दाखवणारी माहिती, पोस्टाने पाठवत आहोत. २ एप्रिलला ती आली. मी जाड पाकीट येईल म्हणून बसले होते, आलं एक पान. डॉक्टर ग्रुपचं नाव-पत्ता, मुलाचं नाव, तारीख, दोन कोड, ९९२८३ आणि १२०११, पहिला इमर्जन्सीतल्या तपासणीचा आणि दुसरा चेहऱ्यावरची छोटी जखम शिवण्याचा, समोर रक्कम, खाली बाकी १,१६२. माझ्या ईओबीबद्दल एक अक्षर नाही. नो सर्प्रायझेस अ‍ॅक्टबद्दल एक अक्षर नाही.

आणि कायद्याच्या दृष्टीने एवढं पुरतं, हे कळल्यावर मी खरंच हबकले. पडताळणी म्हणजे बिल बरोबर आहे याचा निवाडा नाही. मूळ घेणेकरी जेवढे मागतोय तेवढेच आम्ही मागतोय, एवढं लिहून दाखवलं की बऱ्याच कोर्टांच्या मते काम झालं. १९९९ चा फोर्थ सर्किटचा, म्हणजे काही राज्यांसाठी असलेल्या एका फेडरल अपील कोर्टाचा, चौधरी विरुद्ध गॅलेरिझो हा निकाल असाच आहे. न्यू जर्सी ज्या थर्ड सर्किटमध्ये येते तिथला १९९१ चा ग्राझियानो विरुद्ध हॅरिसन हा निकालही सांगतो की सेवा, तारखा आणि रकमा दाखवणारी कॉम्प्युटरची छापील पानं पुरेशी आहेत. म्हणजे माझ्या हातात होतं ते एक पान नियमात बसत होतं, आणि ते पाठवल्यावर वसुली पुन्हा सुरू करायला ते मोकळे होते. दवाखान्याचं बिल चुकलंय हे एजन्सी शोधणारच नाही, तिला ते माहीतही नसतं, तिच्याकडे एक एक्सेलची ओळ आलेली असते. लेखी तक्रारीने आपल्याला मिळतो तो वेळ, आणि तो वेळ वापरायचा बिल जिथून निघालं तिथे.

वसुली थांबलेल्या त्या आठवड्यांत मी नुसती बसून नव्हते, इन्शुरन्सकडे पुन्हा केस उघडली होती. ऑक्टोबरचा रेफरन्स नंबर दिल्यावर त्यांनी सांगितलं की तेव्हा डॉक्टर ग्रुपला पत्र गेलं होतं, ग्रुपने इन्शुरन्सबरोबर रकमेवरून वाद घातला नाही, सरळ खातं कलेक्शनला पाठवलं. मी म्हटलं, मग आपण तिघं एका फोनवर येऊ या का? हे मागता येतं हे मला वहिनींनी सांगितलं होतं, आणि माझ्या मते या सगळ्यातली सगळ्यात कामाची गोष्ट हीच. ११ एप्रिलला, गुरुवारी, इन्शुरन्सच्या माणसाने डॉक्टर ग्रुपच्या बिलिंगला जोडून घेतलं. पाऊण तास त्यांच्या होल्डच्या संगीतात गेला, तेवढ्यात माझी कणीक मळून झाली. बिलिंगच्या बाईने सुरुवातीला एकच पालुपद लावलं, खातं आता आमच्याकडे नाही, एजन्सीशी बोला. इन्शुरन्सच्या माणसाने न चिडता तीनदा तेच वाक्य म्हटलं, इमर्जन्सी क्लेम आहे, पेशंटचा वाटा शून्य आहे, फरकाची रक्कम पेशंटकडे मागता येत नाही. तिसऱ्यांदा ती म्हणाली, थांबा, सुपरवायझरला विचारते. परत आली ती वेगळ्याच सुरात: आम्ही हे खातं कलेक्शनमधून परत मागवतो. मी तिचं पहिलं नाव, वेळ आणि कॉल नंबर घेतला. तिथेही नाही म्हणाले असते तर केंद्र सरकारच्या सीएमएस या आरोग्य योजना बघणाऱ्या एजन्सीकडे नो सर्प्रायझेसची तक्रार करायची तयारी होती, तीही फुकट असते.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, सुरुवातीला सांगितलेला १९७७ चा कायदा दुसऱ्यासाठी वसुली करणाऱ्यांना लागू होतो. डॉक्टरच्या स्वतःच्या बिलिंग ऑफिसला तो लागत नाही, त्यामुळे त्यांना ‘तीस दिवस’ आणि ‘पडताळणी’ सांगून काही हलत नाही, तिथे ईओबी आणि इन्शुरन्सच चालतात.

दुसऱ्याच दिवशी एजन्सीला दुसरं सर्टिफाइड पत्र टाकलं, परत ९ डॉलर: तुमचं पान मिळालं, त्याने बिल सिद्ध होत नाही, अजूनही अमान्य आहे, ११ तारखेला मूळ घेणेकऱ्याने खातं परत मागवण्याचं कबूल केलंय. हे पत्र कायद्याने वसुली थांबवत नाही, ती संधी पहिल्या तीस दिवसांपुरती, पण कागदावर राहावं म्हणून. मला कसलाच संपर्क करू नका असंही लिहून कळवता येतं आणि त्यांना ते पाळावं लागतं. मी तसं लिहिलं नाही, कारण त्याने बिल मिटत नाही, आणि मग त्यांच्या हातात कोर्टात जाणं एवढाच मार्ग राहिला तर कशाला. कधीही कोर्टाचं समन्स आलं तर मात्र ‘मी तक्रार पाठवलीये’ म्हणून गप्प बसू नका. समन्सला कोर्टाने दिलेल्या मुदतीत वेगळं उत्तर द्यावं लागतं, नाहीतर एकतर्फी निकाल लागतो आणि त्यानंतर पगारातून पैसे कापले जाऊ शकतात.

३० एप्रिलचं एजन्सीचं पत्र दोन ओळींचं होतं, खातं बंद करून मूळ घेणेकऱ्याकडे परत पाठवलं आहे. नवरा म्हणाला, चला सुटलो. वहिनी म्हणाल्या, “सुटलात कसल्या, बंद करून परत म्हणजे उद्या दुसऱ्या एजन्सीकडे. झिरो बॅलन्सचं पत्र घे.” त्यांचं म्हणणं बरोबर, एजन्सीने फक्त हात झटकले होते. डॉक्टर ग्रुपच्या मागे लागून, फोन, मग त्यांच्या पोर्टलवर मेसेज, परत फोन, १४ मेला त्यांच्या लेटरहेडवर मिळालं: १९ ऑगस्ट २०२३ च्या सेवेची बाकी शून्य. सीएफपीबीच्या पोर्टलवर कंपनीच्या उत्तरावर अभिप्राय द्यायची सोय असते, तिथे मी झालं ते लिहिलं.

जूनमध्ये आणि आता सप्टेंबरमध्ये तिन्ही रिपोर्ट परत काढले. एक वर्षाची सवलत असूनही कुठून काही उगवलंय का एवढंच बघायचं होतं, नाही उगवलं. कुणाच्या रिपोर्टवर असं काही चढलंच तर त्या त्या क्रेडिट कंपनीकडे वेगळी तक्रार टाकावी लागते, तिथे मात्र त्यांना साधारण ३० दिवसांत चौकशी करायचं बंधन आहे. कागद कधी फेकायचे असं विचारलंत तर मी फेकणार नाहीये. न्यू जर्सीत अशा येण्यासाठी दावा लावायची मुदत सहा वर्षं आहे, तेवढी तरी फाइल राहू दे कपाटात.

राहता राहिला तो १४ मार्चचा मेसेज. एका ग्राहक-वकिलाशी फोनवर बोलले, पहिलं बोलणं फुकट होतं. ते म्हणाले, तक्रार लेखी पोचलेली असताना उत्तर न देता पैसे मागणं हे उल्लंघन धरता येईल, कोर्ट १,००० डॉलरपर्यंत देऊ शकतं आणि जिंकलं तर वकिलाची फी समोरच्याने भरायची असते, पण सिस्टीमची चूक होती, आम्ही काळजी घेतली होती, असा बचाव त्यांना करता येतो आणि एकुलत्या एक मेसेजवर किती ताणायचं ते तुम्ही ठरवा. दावा लावायची मुदत एक वर्षाची, म्हणजे मार्च २०२५ पर्यंत. मला आता त्यात पडायचं नाहीये, पुन्हा तारखा, पुन्हा कागद. नवऱ्याचं म्हणणं अगदी उलट, तो म्हणतो की हजार डॉलरसाठी नाही, पण तक्रार पोचल्यावर मेसेजचं बटण बंद करायला ते शिकले पाहिजेत. आमच्याकडे हा वाद अजून चालू आहे.